मायनं न धरलेला कठडा

आमच्या जिन्याचा कठडा पाहून नवीन आलेला माणूस हमखास थांबतो. त्यावर हात फिरवतो, लाकूड कोणतं हो हे, असं विचारतो, अन् मग म्हणतो, इतक्या वर्षांचा आहे म्हणता, पण पॉलिश तर कालच मारल्यासारखी दिसते. मी सांगते, ज्या बाईसाठी केला तिनं तो कधी धरलाच नाही, मग पॉलिश जाईल कशी? समोरचा कसनुसा हसतो. त्याला वाटतं, रिटायर झालेली नर्स आहे, तिखट बोलणारच. वाटू द्या.

घर बांधायला काढलं तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. गडचिरोलीला जिल्ह्याचं गाव म्हणायचे, पण गायी मेन रोडवर बसायच्या अन् एसटी त्यांना वळसा घालून जायची. मी सरकारी दवाखान्यात नर्स, नवरा सिंचनाच्या ऑफिसात. आमचा सगळा संसार क्वार्टरमध्ये झालेला, मुलगी नागपूरला होस्टेलवर. दोघांच्या पगारातून एक अरुंदसा प्लॉट घेतला होता, त्यावर घर उभं राहत होतं. लोक घर बांधतात ते मुलांसाठी. मी बांधत होते माझ्या मायसाठी, अन् हे मी कोणापासून लपवलंही नव्हतं.

माय गावात एकटी राहायची. एटापल्लीच्या पलीकडं, जंगलात, जिथं पावसाळ्यात नाला भरला की एसटी बंद अन् गाव आपलं आपल्यापाशी. बाबा गेल्यापासून मी दर उन्हाळ्यात तिला म्हणायची, चल आता. ती म्हणायची, पाहू. मोहफुलं वेचून होऊ दे, मग पाहू. तेंदूपत्ता होऊ दे, मग पाहू. धान कापून होऊ दे. असं करत करत तिचे गुडघे गेले अन् एका पावसाळ्यात ती विहिरीपाशी घसरून पडली. शेजारणीला दिसेपर्यंत चिखलात पडून होती. मला निरोप आला तो नाला उतरल्यावर. इथं मी दुसऱ्यांच्या आयांना सलाईन लावत होते, त्यांच्या पायाखाली उशी ठेवत होते, अन् माझी माय तिकडं चिखलात पडलेली. त्या दिवशी मी ड्यूटी संपवून घरी आले अन् नवऱ्यावर उगाचच खूप ओरडले.

मग मी गावी जाऊन बसले. उठतच नव्हते. शेवटी ती कबूल झाली, पण तिच्या अटींवर. माय माझ्याशी गोंडीत बोलायची, तिचं बोलणं मी इथं आमच्या भागातल्या मराठीत लिहिते आहे. ती म्हणाली, "घर होऊ दे. एक पावसाळा येऊन पाहीन. जमलं त राहीन, नाई जमलं त मले इथी आनून सोड. मग पुन्हा बोलाचं नाई."

"बरं," मी म्हटलं.

"अन् झोपल्या झोपल्या झाडं दिसले पायजे. भिंत पाहत नाई झोपनार मी."

आता आमचा प्लॉट असा की खाली खिडकी उघडली तर शेजाऱ्यांची न्हाणी. झाडं पाहायची तर वरच जायला पाहिजे. वरून कठाणी नदीकडचा पट्टा दिसायचा, त्यामागं जंगल. म्हणून मायची खोली वर काढली, तिच्यासमोर मोकळी गच्ची. नवरा म्हणाला, "अवं, गुडघे गेलेल्या बाईले वरच्या माळ्यावर टाकतेस?" मी म्हटलं, म्हणूनच तर जिना नीट पाहिजे. पायऱ्या बुटक्या घेतल्या, रुंद घेतल्या. एका बाजूला भिंत होती, दुसऱ्या बाजूला कठडा येणार होता. बाकी घराचं मी मिस्त्रीवर सोडलं, फरशीसुद्धा नवऱ्यानं पसंत केली. पण कठडा, मी सांगून ठेवलं, माझ्याशिवाय कोणी ठरवायचा नाही. माझा सगळा हिशेब सरळ होता. कठडा चांगला असेल तर माय वर चढेल, वर चढेल तर झाडं दिसतील, झाडं दिसली तर राहील. दवाखान्यात मी किती म्हाताऱ्या पाहिल्या होत्या, ज्यांचं जग एका कॉटवर येऊन थांबलं कारण धरायला काही नव्हतं.

नवऱ्याचं मत पाइपाचं होतं. नवीन बँकेत लावलेला चकचकीत स्टीलचा पाइप त्याच्या डोळ्यांत भरला होता. मी म्हटलं, उन्हाळ्यात तो पाइप हाताला चटके देतो अन् थंडीत बर्फ होतो, माझी माय काय बँकेत पैसे भरायला येऊन राहिली का? तो म्हणाला, मग सागवान लाव, आपल्याकडं सागवानाला काय तोटा. तेही मला नको होतं. सागवान म्हणजे आमच्याकडं जिकडंतिकडं तेच. क्वार्टरचं दार सागवानाचं, दवाखान्याचं टेबल सागवानाचं, आश्रमशाळेतला बाक सागवानाचा, ज्यावर उभं करून मला मराठी नीट येत नाही म्हणून शिक्षा केली होती तोही सागवानाचाच. पिवळी पॉलिश अन् सरकारी वास. माझ्या घरात मला तो वास नको होता.

चंद्रपूर रोडवर एका चाचांचं सुतारकामाचं दुकान होतं. चाचा मूळचे राजुऱ्याचे, बापापासून हेच काम. पुढं पत्र्याचं शेड, मागं लाकडाची थप्पी, अन् शेडभर भुसा इतका की चप्पल रुतायची. कठड्याचं गिऱ्हाईक आलं की त्यांची एक पद्धत होती. शेडच्या एका भिंतीवर त्यांनी जिन्याच्या चढाला धरून एक लांब पट्टी तिरकी ठोकून ठेवली होती, अन् तिच्यावर वेगवेगळ्या लाकडांचे, वेगवेगळ्या जाडीचे हातभर लांबीचे तुकडे बसवले होते. कोणी गोल, कोणी चपटा, कोणी वरून गोल अन् खालून बोटांसाठी खाच पाडलेला. गिऱ्हाइकाला ते म्हणायचे, डोळे मिटा अन् हात फिरवत चाला. डोळ्यानं पसंत केलेला कठडा मग हाताला खुपते.

मला मात्र त्यांनी आधी एक प्रश्न विचारला. "सिस्टरबाई, पहिले हे सांगा, धरनार कोन?"

"माझी माय."

"मग तिलेच घेऊन या ना. हात तिचा, पसंत तुमची, असं कसं चालंन?"

मी सांगितलं, ती घर पूर्ण झाल्याशिवाय यायची नाही, अन् माझ्या मायला तुम्ही ओळखत नाही. चाचा विचारात पडले. मग म्हणाले, "तिचा हात कोनावर गेला हाय घरात?" अन् हे मला माहीत होतं. गावातल्या बाया लहानपणापासून म्हणत आलेल्या, पोरीचा हात अगदी मायचा, पंजा रुंद अन् बोटं आखूड. चाचांनी माझा हात आपल्या हातात न घेता, एका दोऱ्यानं मुठीचं माप घेतलं. मग मी डोळे मिटले अन् त्या पट्टीच्या बाजूनं चालत गेले. नवरा कोपऱ्यात उभा राहून हसत होता, म्हणे, आंधळी कोशिंबीर खेळते आमची सिस्टर.

एका तुकड्यावर माझा हात आपोआप थांबला. भारी होता, थंड होता, पण त्या थंडीत एक गुण होता, मातीच्या भिंतीला हात लावल्यावर लागतो तसा. डोळे उघडले तर गडद तपकिरी लाकूड, त्यात काळ्या रेघा, नांगरलेल्या शेतासारख्या आडव्यातिडव्या गेलेल्या. असं लाकूड मी कुठंच पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, हेच.

चाचा खूश झाले. "जंगली माल हाय, बाई. डेपोच्या लिलावात आला होता. रंधा मोडते हे लाकूड, इतकं कडक. पन एकदा लागलं की तुमचे नातू पन धरतीन." मी पुढं काही विचारलं नाही. गडचिरोलीत लाकडाचं नाव कोण विचारतं? सागवान असलं तर सागवान, नाही तर जंगली. दवाखान्यात परत जाताना मी नवऱ्याला म्हटलं, पाहिलंस, किती वेळ लागला? तो म्हणाला, लग्नाला मला पसंत करायला तू एवढाही घेतला नव्हतास.

कठडा बसला. चाचांनी खालचा पहिला खांब जाड ठेवला, माथा साधाच गोल, त्यावर नक्षीबिक्षी काही नाही. हातात धरायचा वरचा दांडा इतका गुळगुळीत की मी ड्यूटीवरून आले की उगाच वर-खाली करायची. घरात दुसरं काही धड झालेलं नव्हतं, नळाला पाणी नव्हतं, पण कठडा तयार होता. मी त्याला दर दोन दिवसांनी फडक्यानं पुसायची. मला आतून वाटायचं, आता माय येते. ती येते, दांडा धरते, वर चढते, झाडं पाहते, अन् म्हणते, राहते.

ती आषाढात आली, नाला भरायच्या आधी. एसटीतून उतरली तेव्हा तिच्याजवळ एक बोचकं, एक टोपली अन् टोपलीत पाय बांधलेली कोंबडी. कोंबडी काऊन आणली म्हणून विचारलं तर म्हणे, "ते एकटी होती." घरात आल्यावर तिनं चूल कुठं आहे विचारलं, गॅस पाहिला, नळ पाहिला, फरशीवरून घसरायला होते म्हणाली. मला धीर कुठं होता? मी तिला हाताला धरून जिन्यापाशी नेलं. म्हटलं, माय, हे तुझ्यासाठी.

तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला अन् हात उचलला. हात दांड्यावर टेकायच्या आधीच थांबला. तिनं खांबाकडं पाहिलं, वाकली, खांबाच्या माथ्यावर जिथं लाकूड आडवं कापलेलं दिसतं तिथं तोंड नेऊन पाहिलं. मग सरळ झाली अन् मला विचारलं, "हा कोन हाय?"

काय आहे, असं नाही विचारलं तिनं. कोण आहे, असं विचारलं. मला वाटलं, वय झालं, शब्द इकडंतिकडं होतात. मी म्हटलं, कठडा आहे माय, धर अन् चढ. तिनं हात मागं घेतला, लुगड्याला पुसला अन् पायरीवरून खाली उतरली. म्हणाली, "येन हाय हा."

येन म्हणजे पुस्तकातलं ऐनाचं झाड. आमच्या घराच्या मागं एक होतं, उंच, साल सगळी चौकोनी भेगांची. आमच्या कुळाचा पेन, म्हणजे आमचा देव, त्यात राहतो. दुसऱ्या कुळांचं दुसरं असतं, आमचं हे. नवा तांदूळ आधी त्याच्या बुडाशी ठेवायचा, मग घरात खायचा. त्याला कुऱ्हाड लावायची नाही, त्याचं लाकूड चुलीत घालायचं नाही, त्याची फांदी वाऱ्यानं पडली तरी जिथं पडली तिथंच राहू द्यायची. हे मला काय माहीत नव्हतं? सगळं माहीत होतं. येनाचं झाड मी धावत्या एसटीतून ओळखते, सालीवरून, पानावरून. पण आमच्या घरात ते कधी कोणी कापलंच नाही. मग ते आतून कसं दिसतं, रंधा मारल्यावर त्यातल्या रेघा कशा निघतात, हे मला कळणार कसं? बाकी कोणत्याही घरातल्या बाईनं ते लाकूड ओळखलं असतं. आम्हीच तेवढे, जे त्याला पुजतो, त्याला आतून ओळखत नाही.

मायला मात्र ओळखता आलं, कारण ती तरुणपणी कुपात कामाला जायची. जंगल खातं तोडीसाठी जो जंगलाचा तुकडा आखून देतं त्याला आमच्याकडं कूप म्हणतात. तिथं कापलेला माल उचलून थप्पी लावायचं काम बायांना असायचं. येनाचा ओंडका आला की माय बाजूला जाऊन बसायची, त्या वेळची मजुरी सोडून द्यायची. मुकादम बडबडायचा, ही अर्धा दिवस बसूनच राहते म्हणायचा. ती लांबून त्या कापलेल्या तोंडांकडं पाहत बसायची. म्हणून तिला माहीत होतं.

त्या दिवशी माय वर गेलीच नाही. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली, कोंबडीला तांदूळ टाकत. मी विचारलं, माय, जाशील का परत? ती म्हणाली, "पावसाळा झाला कुठी अजून." एवढंच. तिनं मला शब्दानं रागावलं असतं तर बरं झालं असतं. मी रडले. कठड्याला लावलेला सगळा जीव माझ्याच अंगावर उलटला होता अन् माझी माय नळाखालच्या ओल्या फरशीवर चटई टाकून निजणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चाचांकडं गेले अन् दुकानात उभी राहून भांडले. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येनच हाय, बाई. तुमी विचारलं असतं त मी काऊन लपवलं असतं? हे आधी मालूम असतं त मी रंधाबी नसता लावला." खरंच होतं ते. त्यांनी माझ्यासमोर चहाचा कप तसाच ठेवून पिशवीत पहार, हातोडा, छिन्नी भरली. म्हणाले, चला, काढून टाकतो, सागाचा बसवून देतो, तुमच्या मायचं मन राहू द्या. मला त्यांच्यावर ओरडल्याची लाज वाटली, पण मी माफीबिफी मागितली नाही, माझा स्वभाव तो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी मोहाचे लाडू पाठवले, तेवढंच.

चाचांनी पहिल्या खांबाच्या बुडाशी पहार लावली. तेवढ्यात माय स्वयंपाकघरातून आली. गुडघा दाबत, भिंत धरत, पण आली.

"भाऊ, काय करून राह्यले?"

"काढून टाकतो, बाई. तुमाले चालत नाई ना."

"काढून कुठी नेसान?"

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, नेतील कुठं तरी माय, कोणाच्या तरी दारंखिडक्यांत लागेल, उरलंसुरलं—

"चुलीत जाईन," माय म्हणाली.

बाहेर कोंबडी ओरडत होती. मायनं खांबाकडं पाहिलं, अगदी पाहुण्याकडं पाहावं तसं, अन् चाचांना म्हणाली, "ठेवा ते, भाऊ. कापलं ते कापलं. त्याले जंगलातून उचलून आनलं, कोनी विचारलं नाई. मलेबी तसंच आनलं हाय. आता दोघंबी आलोच हाओ त राहू द्या."

चाचांनी पहार काढून घेतली. खांबाच्या बुडाशी पहारीची एक खोक पडली आहे, ती अजून तशीच आहे. जाताना ते दारात थांबले, माझ्याकडं न पाहता म्हणाले, मेरी अम्मी भी ऐसीच थी, अन् सायकलवर बसून गेले. मी मात्र जिन्यापाशी उभी होते. मलेबी तसंच आनलं हाय. हे वाक्य ती रागानं बोलली असती तर मी भांडून मोकळी झाले असते. ती नुसतं खरं बोलली होती.

त्या दिवशी ती वर गेली. पहिल्या खांबाला उजव्या हाताची बोटं लावली, कपाळाला लावली, अन् मग डाव्या हातानं भिंत धरून एकेक पायरी चढली. कठडा तिच्या उजव्या हाताला लागूनच होता, पण तिनं त्याला पुन्हा स्पर्श केला नाही. मी मागून चढत होते, माझा जीव टांगणीला. वर गेल्यावर तिनं झाडं पाहिली, बराच वेळ पाहिली, अन् म्हणाली, "बरं हाय." तेवढं ऐकण्यासाठी मी घर बांधलं होतं, तरी मला आनंद झाला असं सांगता येत नाही.

कारण आता रोजचंच झालं. खांबाला हात, कपाळाला हात, मग भिंत. उतरताना तसंच, उजवा हात भिंतीला. मी नर्स आहे, पेशंटनं ऐकलं नाही की माझं डोकं फिरतं. मी म्हणायची, अगं, तोल गेला म्हणजे? दांडा धरायला तो तुला नाही म्हणतो का? मापसुद्धा तुझ्या हाताचं घेतलं आहे. ती म्हणायची, "त्याच्यावर भार टाकाचा नसते."

"मग त्याला ठेवलं कशाला घरात?"

"घरात ठेवलं म्हनून काय त्याच्यावर बसाचं? तुया नवऱ्यालेबी त ठेवलं हाय."

नवरा खाली पेपर वाचत होता, तो खोकून खोकून हसला. त्या दोघांची गट्टी मला कधी आवडली नाही.

श्रावण गेला, भादवा गेला. मायनं गच्चीवर भाजीचे वेल लावले, शेजारणीशी खुणांनी अन् तोडक्या मराठीनं दोस्ती केली, कोंबडीनं अंडी घातली. मी काही विचारत नव्हते. एक पावसाळा म्हणाली होती, अन् पावसाळा संपत आला होता. रात्रपाळीहून घरी येताना मी आधी दोरीवर तिचं लुगडं दिसतं का पाहायची.

मग हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, धानाची कापणी सुरू झाली अन् ती म्हणाली, "गावी जातो. नवं खाचं हाय."

नवा तांदूळ घराच्या मागच्या येनापाशी ठेवायला ती गेली नसती तर माझी माय कसली. मी तिला एसटीत बसवून दिलं. तिनं सगळं बोचकं बरोबर घेतलं. कोंबडी ठेवून गेली, पण कोंबडीचा काय भरवसा, मायला वाटलं असेल, ती इथं बरी आहे. मी नवऱ्याला म्हटलं, आता येत नाही ती. शब्द दिला आहे मी, पुन्हा बोलायचं नाही म्हणून. घरी येऊन मी तिची खोली झाडली, अन् झाडता झाडता तिथंच बसले. तिच्या उशीवरून झाडं खरंच छान दिसत होती.

दिवाळीच्या तोंडावर एके दुपारी मी दवाखान्यातून आले तर दार उघडं. माय जिन्यापाशी बसलेली, प्रवासाचं लुगडंही बदललेलं नव्हतं. पहिल्या खांबाच्या बुडाशी, ती पहारीची खोक आहे तिथं, पळसाच्या पानाचा दोना अन् त्यात मूठभर नवा तांदूळ. मी दारातच उभी राहिले.

"आली?" मी विचारलं.

"घरच्या येनाचं झालं सारं. इथला राह्यला होता."

मला कळलं अन् मनातून थोडा रागही आला. म्हटलं, "म्हणजे तू याच्यासाठी आली का, माय? माझ्यासाठी नाही?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं लहानपणी मी दुसऱ्यांदा भात मागितला की पाहायची. म्हणाली, "तुयं त सारंच हाय इथी. नवरा हाय, नोकरी हाय. त्याचं इथी कोन हाय?"

ती राहिली. पुढं कितीतरी वर्षं राहिली. दर वर्षी नव्या तांदळाला गावी जायची अन् परत यायची, अन् मी दर वर्षी तेवढीच घाबरायची. गुडघे आणखी गेले, मी इंजेक्शनं दिली, तेल चोळलं, शिव्याही दिल्या. कठड्यावर तिनं कधी भार टाकला नाही. शेवटच्या वर्षी ती बसत बसत चढायची, तरी खालच्या खांबाला हात लावल्याशिवाय नाही. एका पहाटे वरच्या खोलीतच तिनं प्राण सोडला, झाडांकडं तोंड करून. मी तिच्या पायाखाली उशी ठेवली, उगाचच, सवयीनं.

त्यानंतर घराला रंग काढला तेव्हा रंगारी जिन्यापाशी थांबला. भिंतीवर खालपासून वरपर्यंत एक काळपट पट्टा होता, हाताच्या उंचीचा, तेलकट, मधे मधे जास्त गडद. तो म्हणाला, बाई, हे घासून काढावं लागंन, नाई त रंग धरनार नाई. मी म्हटलं, तेवढं सोडून बाकी रंगव. तो म्हणाला, वाईट दिसंन. मी म्हटलं, मला दिसू दे.

आता माझेही गुडघे बोलायला लागले आहेत. नवरा नाही. चाचाही नाहीत. वरच्या खोलीत आता मी झोपते. मागल्या उन्हाळ्यात मुलगी आली होती, तिनं मला जिना चढताना पाहिलं. मी खांबाला हात लावला, कपाळाला लावला, अन् डाव्या हातानं भिंत धरून चढायला लागले. त्या पट्ट्यावर माझा पंजा अगदी बरोबर बसतो. मुलगी खालून ओरडली, आई, पडशील ना, एवढा चांगला कठडा आहे, तुझ्याच हाताच्या मापाचा, तो धर की.

मी मधल्या पायरीवर थांबले. मागं वळून पाहायची हिंमत नव्हती, गुडघ्यांमुळं. वरूनच म्हटलं, "त्याच्यावर भार नको. त्याचं इथी आता माझ्याशिवाय कोन हाय?"